मोठ्या मायनस नंबराचा चष्मा ऑनलाइन मागवताना

लांबचे स्पष्ट दिसण्यासाठी लागणारी मायनस नंबराची काच मधोमध पातळ आणि कडेला जाड असते. (ती आता प्लॅस्टिकची झाली, तरी बोलण्यात काचच राहिली आहे.) नंबर दोन-तीन असेपर्यंत ही जाडी फ्रेममध्ये लपते. उणे ६ आणि त्यापुढच्या नंबराला नेत्रवैद्यक साधारणपणे उच्च मायोपिया म्हणतात. तिथे कड फ्रेमबाहेर येते, चष्मा जड होऊन नाकावरून घसरतो आणि समोरच्याला डोळे बारीक दिसतात. ऑनलाइन दुकानात यावर एकच उपाय ठळकपणे पुढे केला जातो, तो म्हणजे जास्त इंडेक्सची महाग काच. प्रत्यक्षात जाडी ठरवण्यात पहिला वाटा फ्रेमच्या मापाचा असतो.

हे माप फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकड्यांत छापलेले असते. समजा, तिथे ५४-१८-१४० असे आहे. एका काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, दोन काचांमधले अंतर १८ आणि काडीची लांबी १४०. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७२ होते. वापरणाऱ्याच्या दोन बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे पीडी, ६२ असेल तर प्रत्येक काचेचा मध्य ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड मध्यापासून ३२ मिलिमीटरवर जाते. मध्यापासूनचे अंतर वाढले की जाडी त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हे ५ मिलिमीटर फार महागात पडतात. उणे ८ नंबराची १.७४ इंडेक्सची काच या फ्रेममध्ये ढोबळ हिशेबाने कडेला साडेसहा मिलिमीटरच्या पुढे जाते. तोच नंबर ४६-१८ मापाच्या फ्रेममध्ये १.६० इंडेक्सच्या बऱ्याच स्वस्त काचेत सुमारे ५ मिलिमीटरमध्ये बसतो. म्हणून पहिल्या दोन आकड्यांची बेरीज पीडीच्या जितकी जवळ, तितकी फ्रेम सोयीची. आकार गोल किंवा लंबगोल असावा. कोपरे लांब काढलेली चौकोनी फ्रेम, बिनकडेची किंवा नायलॉनच्या दोऱ्यावर पेललेली फ्रेम या नंबराला शोभत नाही आणि सोसतही नाही.

फ्रेम ठरल्यावर इंडेक्स. साधे प्लॅस्टिक १.५०, मग १.६०, १.६७ आणि १.७४. आकडा वाढतो तशी काच पातळ होते, पण प्रत्येक पायरीवर फायदा कमी होत जातो. वर सांगितलेल्या छोट्या फ्रेममध्ये १.६७ वरून १.७४ वर गेल्यास कडेला अर्धा मिलिमीटरही वाचत नाही. दुसऱ्या बाजूला, रंग फुटण्याचा दोष वाढतो. तो अबे अंकाने मोजतात आणि अंक जितका कमी, तितका दोष जास्त. साध्या प्लॅस्टिकचा अंक ५८ च्या आसपास, १.६० चा साधारण ४१, तर १.६७ आणि १.७४ चा ३२-३३. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून ट्यूबलाइटकडे पाहिले की तिच्या कडेला निळसर आणि नारिंगी झालर दिसते, ती यामुळेच. पॉलिकार्बोनेटचा अंक तर ३०. ते सहजासहजी फुटत नाही, म्हणून मुलांना आणि एकाच डोळ्याने दिसणाऱ्यांना तेच घ्यावे, पण केवळ ‘पातळ’ म्हणून उणे ८ ला ते निवडण्यात अर्थ नाही. उणे ६ ते ८ साठी छोट्या फ्रेममध्ये १.६० किंवा १.६७ बहुतेकांना पुरते. १.७४ चा विचार दहाच्या आसपास करावा.

जास्त इंडेक्सची काच प्रकाश परावर्तितही जास्त करते. साध्या प्लॅस्टिकच्या दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, १.७४ मध्ये १४ टक्क्यांच्या घरात. त्यामुळे अँटिग्लेअर लेप इथे गरजेचाच आहे. ब्लू कटचे तसे नाही. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा शीण त्याने कमी होतो, असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही.

नंबराचा कागद वर्षाच्या आतला हवा. उच्च मायोपियात पडदा ताणलेला असतो, त्यामुळे बाहुली मोठी करून होणारी पडद्याची तपासणी नव्या नंबराइतकीच महत्त्वाची. अचानक काळे ठिपके वाढले, प्रकाशाच्या चमका दिसल्या किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर चष्मा बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर चष्म्यासाठी भरू नये. चष्म्याचा उणे ८ हा डोळ्यावर बसणाऱ्या लेन्समध्ये सुमारे उणे ७.२५ होतो. काच डोळ्यापासून दूर गेली की तिचा परिणाम कमी होतो, म्हणून चष्मा नाकावरून घसरून ३ मिलिमीटर पुढे आला तरी उणे ८ चा परिणाम उणे ७.८ इतकाच उरतो. नाकावर वाकवून बसवता येणारी पॅड असलेली फ्रेम म्हणूनच बरी.

सर्वात जास्त चुका पीडीत होतात. नंबराच्या कागदावर ती बहुधा लिहिलेली नसते, पण नंबर काढणाऱ्या यंत्राच्या छापील चिठ्ठीवर असते, ती मागून घ्यावी. नाक चेहऱ्याच्या बरोबर मध्ये असतेच असे नाही, म्हणून दोन्ही डोळ्यांची मापे वेगळी मिळाली तर उत्तम. उणे ८ ला एका काचेचा मध्य ३ मिलिमीटर चुकला, तर २.४ प्रिझमचा अनावश्यक ताण डोळ्यांवर पडतो. डोके दुखते, पायरी उतरताना चुकल्यासारखे होते आणि माणूस नंबरालाच दोष देत बसतो. प्रोग्रेसिव्ह काचेत उभे मापही लागते. ते चेहऱ्यावर फ्रेम बसवूनच घ्यावे लागत असल्याने ती काच दुकानातच करावी.

चष्मा घरी आला की तो हातभर अंतरावर सरळ धरून काचेतून खिडकीच्या गजांकडे पाहावे. ज्या जागी उभा आणि आडवा, दोन्ही गज काचेच्या आत-बाहेर न तुटता सलग दिसतात, तो काचेचा मध्य. तिथे स्केचपेनने ठिपका द्यावा, दुसऱ्या काचेवरही तसाच, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजावे. ते पीडीशी जुळायला हवे. सिलिंडरचा नंबर मोठा असेल, तर गज तिरके दिसतात आणि ही युक्ती फसते. अशा वेळी जवळच्या चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटरवर नंबर, अक्ष आणि मध्य तपासून घ्यावा, तोही चष्मा परत करण्याची मुदत संपण्याआधी.