हरवलेले नाणे व हिवतापाची परीक्षा
(पाठ : लूक १५:८–१०)

दहांतील एक नाणे हरवले असता त्या स्त्रीने नवांवर समाधान मानिले नाही. दिवा लावून सर्व घर झाडिले. हिवतापाविषयी हाच बोध आम्ही घेऊ.

सन १९४७ च्या सुमारास आपल्या देशात वर्षास सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप होत असे. फवारणी व रक्तपरीक्षा यांच्या योगाने १९६१ साली रोगी ५० हजारांहून कमी उरले. मग दक्षता शिथिल झाली, डासही औषधास दाद देईनात. १९७६ साली रोगी ६४ लाखांवर गेले.

यास्तव बेलपाड्यात काय, पनवेलकडील अन्य गावी काय, शंभरांच्या रक्तात काही न सापडले तरी श्रम व्यर्थ गेले असे म्हणू नये. एकाच्या रक्तात जंतू राहिले तर डास ते शेजारच्या घरी नेतो. ताप येताच परीक्षेसाठी बोट पुढे करावे, मनाने गोळ्या घेऊ नयेत. औषध मिळाल्यास पुरते घ्यावे. कारण ताप उतरला तरी एका जातीचे जंतू यकृतात दडून राहतात.

तो एक रोगी देवास मोलवान आहे. उपदेशकांनी हे घरोघर सांगावे.

मननार्थ प्रश्न : आपल्या अंतःकरणातही असे काही दडून राहिले आहे काय?