पासपोर्ट आपल्याच हातात असू द्या

नीटचा निकाल लागला की रोहिणखेडला आमच्या ओसरीवर माणसं येऊ लागतात. कुणी मोताळ्याहून, कुणी धामणगाव बढ्याहून, कुणी थेट मलकापूरहून. सोबत बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, आणि हातात कुठल्यातरी कन्सल्टन्सीचं गुळगुळीत माहितीपत्रक. प्रश्न ठरलेले असतात. एकूण खर्च किती येतो, थंडी सोसते का, शाकाहारी मेस आहे का, मुलींना सुरक्षित आहे का. सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण विमानातून उतरल्यावर पोराचा पासपोर्ट कुणाच्या खिशात जातो, हे अजून एकाही बापाने मला विचारलेलं नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मी 2018 मध्ये एमबीबीएससाठी रशियाला गेले आणि 2024 मध्ये परतले. परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची एफएमजीई परीक्षा पास होऊन सध्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. शिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. तिथल्या प्राध्यापकांनी मला शरीररचनाशास्त्र ज्या कसोशीने शिकवलं, त्याचा उपयोग आजही रोज होतो. मला सांगायचं आहे ते सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल. त्या दिवसांत मूल थकलेलं असतं, भाषा येत नसते, फोन लागत नसतो, आणि सगळे महत्त्वाचे कागद नेमके तेव्हाच तयार होत असतात.

मॉस्कोच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीतून पासपोर्टासोबत एक चिटोरी परत मिळते. तिला मायग्रेशन कार्ड म्हणतात. एक भाग अधिकारी ठेवून घेतो, शिक्का मारलेला दुसरा भाग आपल्याला देतो. बसच्या तिकिटाइतका साधा, पातळ कागद. आमच्या गटातल्या एका मुलाने तो जीन्सच्या मागच्या खिशात घडी करून ठेवला आणि तसाच झोपी गेला. सकाळी घडीवरचा शिक्का पुसट झाला होता. त्या देशात तुम्ही कधी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी आलात, याचा तो महत्त्वाचा पुरावा असतो. निघताना आजी एवढंच म्हणाली होती, "कागदं सांभाळजो माय, बाकी सारं होते." शाळेत न गेलेल्या बाईचं ते बोलणं माझ्या एजंटच्या दोन तासांच्या सेमिनारपेक्षा उपयोगी ठरलं.

बाहेर एजंटचा माणूस उभा होता. त्याने आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट, मायग्रेशन कार्डं आणि सोबत आणलेले डॉलर एका पिशवीत गोळा केले. "रजिस्ट्रेशन करायचं आहे, दोन दिवसांत परत मिळतील," असं म्हणाला. तिथून रात्रभर रेल्वेने आम्ही व्होल्गाकाठच्या आमच्या शहरात पोचलो. दोन दिवस गेले, आठवडा संपत आला, पासपोर्ट काही आले नाहीत. होस्टेलच्या प्रमुख बाई, ज्यांना तिथे कमेंदांत म्हणतात, रोज हात पुढे करून पासपोर्ट मागायच्या आणि आम्ही रोज मान हलवायचो. बाहेर पडायचीही भीती, कारण रस्त्यात पोलीस परदेशी माणसाला थांबवून कागद मागू शकतात.

शेवटी जळगावकडची एक सिनियर ताई आम्हाला हाताला धरून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत घेऊन गेली. तिथे कळलं की रजिस्ट्रेशन हे विद्यापीठाचंच काम आहे, आणि आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते व्हावं लागतं. कचेरीतल्या बाई आमच्याच कागदांची वाट पाहत बसल्या होत्या. एजंटने ते अडवून ठेवले होते, कारण आमच्यातल्या काही घरांकडून त्याच्या 'पॅकेज'चा शेवटचा हप्ता यायचा होता. काहींच्या हप्त्यासाठी सगळ्यांचे कागद. ताईने त्याला फोन लावला, कचेरीतल्या बाई रशियनमध्ये कडक आवाजात चार वाक्यं बोलल्या, आणि त्याच संध्याकाळी पिशवी आली. मुदत संपायला फारसा वेळ उरला नव्हता. ती टळली असती तर दंड झाला असता आणि प्रकरण चिघळलं असतं तर देशाबाहेर काढलं असतं. शिक्षा आम्हाला झाली असती, एजंटला नव्हे.

आता माझं सांगणं असं आहे. पासपोर्ट द्यायचा तो फक्त विद्यापीठाच्या कचेरीत, स्वतः जाऊन. रजिस्ट्रेशनसाठी आणि पुढे व्हिसा वाढवताना तो तिथे काही दिवस द्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण तो कधी परत मिळेल हे विचारून लिहून घ्या, आणि त्या काळात जवळ बाळगायला पासपोर्ट, व्हिसा आणि मायग्रेशन कार्ड यांच्या प्रती आधीच काढून ठेवा. याच कागदांचे फोटो गावी आईच्या किंवा भावाच्या मोबाईलमध्येही असू द्या. आमच्या वेळी पहिला व्हिसा साधारणपणे तीन महिन्यांपर्यंतचा आणि एकदाच प्रवेश देणारा असायचा. तो तिथेच वाढवून घ्यावा लागायचा. बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी यांचीही मुदत ठरलेली असते. सुटीत गावी येऊन परत गेलात की नवं मायग्रेशन कार्ड मिळतं आणि रजिस्ट्रेशन पुन्हा नव्याने करावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं इथेच गाफील राहतात.

परमुलखात आलेल्या माणसाची कोंडी कशी होते, हे आपल्याच महाराष्ट्राने एका रशियन माणसाला पंधराव्या शतकात दाखवून दिलं आहे. अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेरचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, तरी चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला पोचला. विकायला आणलेला एक घोडा, तेवढीच त्याची पुंजी. जुन्नरच्या असदखानाने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. शेवटी एक खुरासानी माणूस मध्ये पडला म्हणून घोडा सुटला. तो मुलूख तेव्हा बहामनींचा होता. होस्टेलच्या त्या आठवड्यात मला निकितिन माहीत नव्हता. पुढे रशियन शिकवणाऱ्या बाईंनी सांगितला. ऐकताना मला ती पिशवी आठवली. परक्या मुलखात ज्याच्या हातात तुमची पुंजी, तो तुम्हाला हवं ते करायला लावतो. आणि सुटका होते ती मध्ये पडणाऱ्या माणसामुळे. म्हणून निघण्याआधीच त्याच विद्यापीठातल्या दोन सिनियर मुलांशी बोला. एजंटने जोडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या.

पैशांचं गणित आमच्या वेळेपेक्षा अवघड झालं आहे. मी गेले तेव्हा भारतीय बँकेचं व्हिसा कार्ड तिथल्या एटीएममध्ये सरळ चालायचं. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातला व्यवहार थांबवला आणि आमची कार्डं निकामी झाली. मेसचे पैसे द्यायला आम्ही एकमेकांकडून उसने घेत होतो. तेव्हा भारतातून नेलेलं कार्ड तिथे चालेल असं धरून कुणी जाऊ नये. सुरुवातीच्या काही आठवड्यांना पुरेल एवढी रोकड जवळ ठेवा, नियमाप्रमाणे जाहीर करून न्या, आणि एकाच पिशवीत ठेवू नका. कागदपत्रं होताच तिथल्या बँकेत खातं काढा. फी भरायची ती विद्यापीठाच्या खात्यावर, विद्यापीठाच्या नावाची पावती घेऊन. एजंटच्या चिठ्ठीला पावती समजू नका.

फोनचंही तसंच. जानेवारी 2025 पासून परदेशी माणसाला रशियन सिम घ्यायचं तर बायोमेट्रिक नोंदणी लागते, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक द्यावा लागतो. उतरल्या दिवशी सिम मिळणार नाही, हे धरूनच चला. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे व्हॉट्सॲपच्या कॉलवरही निर्बंध आले. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस आवाज ऐकू आला नाही तरी घाबरायचं नाही. नाहीतर इथे आई जेवण सोडते आणि तिथे लेकरू रडत बसतं. सुरुवातीला होस्टेलच्या वायफायवरून साधा निरोप गेला तरी पुरे.

थंडीचा बाऊ फार केला जातो. आतल्या खोल्या उबदार असतात. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांखाली राहिलं की शहरभर हीटिंग सुरू होतं. त्रास होतो तो त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, भिंती गार पडलेल्या आणि पाइप बंद. त्या दिवसांसाठी एक चांगली दुलई आणि लोकरीचे मोजे न्या. जाड कोट आणि बूट तिथेच घ्या, इथले कोट तिथे कामाचे नाहीत. खाण्याचंही निभतं. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थोडं कळण्याचं पीठ आणि एक छोटा कुकर. तिथे ग्रेच्का नावाचं धान्य मिळतं, ते फोडणी देऊन खिचडीसारखं चांगलं लागतं, आणि केफिर म्हणजे घट्ट, आंबूस ताकच. मी महिनाभरात त्यावर रुळले.

पण भाषा. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात. एजंट सांगतो, कोर्स इंग्रजीत आहे. वर्गात तो इंग्रजीत असेलही. रुग्णालयात खाटेवरची आजी मात्र इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षी मला एका म्हाताऱ्या बाईंची केस घ्यायला दिली. त्यांनी माझा हात धरून उजव्या कुशीवर ठेवला, मग पाठीकडे नेला आणि भराभर सांगू लागल्या: दुखणं कधी सुरू झालं, जेवल्यावर वाढतं की कमी होतं, आधी कुणाला दाखवलं. मला ते सगळं समजलं, कारण पहिल्याच महिन्यात मी रशियन बाईंच्या तासाला पुढच्या बाकावर बसू लागले होते आणि संध्याकाळी कमेंदांत बाईंशी मुद्दाम मोडकं-तोडकं बोलत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला त्यातलं अर्धंही कळलं नाही. तो हुशार होता, नीटला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. पित्ताशयाचा आजार त्याने पुस्तकात पाठ केला होता. समोर बसलेला आजार त्याला ऐकू आला नाही.

तेव्हा विमानात बसण्याआधी रशियन लिपी वाचता आलीच पाहिजे. त्याला दोन-तीन आठवडे पुरतात, मलकापूरच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहतानाही ती शिकता येते. पाट्या, औषधांची नावं, बसचे थांबे, फॉर्मवरचे रकाने, सगळं एकदम उघडं होतं.

आणि वर्ग बुडवू नका. आपल्याकडे हजेरी कशीतरी भरून निघते. तिथे चुकलेला प्रत्येक तास नंतर त्याच विषयाच्या शिक्षकासमोर तोंडी उत्तरं देऊन भरून काढावा लागतो. त्याला अतराबोत्का म्हणतात. चार-सहा साचल्या की परीक्षेला बसू देत नाहीत. एजंटच्या गोंधळामुळे ज्यांचे सुरुवातीचे तास गेले, ती मुलं डिसेंबरपर्यंत अतराबोत्का फेडत होती. उशिरा पोचलात तर आल्या दिवशी देकानातमध्ये, म्हणजे डीनच्या कचेरीत, जाऊन किती तास बुडाले याची यादी मागून घ्या.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. जून 2024 मध्ये वेलिकी नोवगोरोदला वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडून गेले. त्यांत आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. मी तेव्हा शेवटच्या परीक्षा देत होते. आमच्या मेसमध्ये त्या रात्री कुणी ताट वाढून घेतलं नाही. आपल्या नळगंगेत पोहलेल्या पोरांना वाटतं, पोहता येतं. तिकडच्या नद्यांचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं, अंग आखडतं आणि ओढ वरून दिसत नाही. काठावर फिरा, पाण्यात पाय घालू नका.

दुसरी गोष्ट रशियन सैन्यातल्या भरतीची. चांगल्या पगाराची नोकरी, मदतनीसाचं काम, लवकर कायमचा परवाना, असं सांगून रशियन भाषेतल्या करारावर सह्या घेतल्या गेल्या आणि माणसं युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पोचली. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार अशी 126 भारतीयांची प्रकरणं समोर आली होती. त्यातले 12 जण मरण पावले आणि 16 बेपत्ता होते. वाचता न येणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, मग तो कागद आपल्याच गावच्या ओळखीच्या माणसाने पुढे केलेला का असेना. अडचण आली तर मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला कळवा, आणि घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

आता जे आई-बाप पैसे भरायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नोव्हेंबर 2021 चा नियम नीट समजून घ्या. परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, संपूर्ण इंग्रजी माध्यमातून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. काही विद्यापीठांत पहिली वर्षं इंग्रजीत आणि पुढची रशियनमध्ये असतात. तशी पदवी घेऊन आलेल्या मुलाला इथे दार बंद असतं. हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, विद्यापीठाकडून लेखी घ्या. आणि एजंटशी करार करत असाल तर तो मराठीत मागा: कुठल्या कामाचे किती पैसे, फी कुणाच्या खात्यावर जाणार, आणि पासपोर्ट विद्यापीठाच्या कचेरीशिवाय कुणाच्याही ताब्यात दिला जाणार नाही, ही ओळ त्यात असलीच पाहिजे. ती ओळ लिहून द्यायला तो तयार नसेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.