दोन ग्रॅमचा हिशेब: गोल्फ क्लब जोडताना वजनाचा तोल कसा साधायचा?



आपल्या जालन्यात लोखंडाचा व्यवहार टनात चालतो. आज मात्र दोन-दोन ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो असं एक काम समजून घेऊ: ग्राहकाच्या मापाने गोल्फ क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जोडून देणं. ग्राहक पुण्यातल्या येरवड्याच्या किंवा मुंबईतल्या चेंबूरच्या मैदानावर खेळणारा असेल, पण जोडणीचं काम एका टेबलावर होतं.

क्लबचे मुख्य भाग तीन: हेड, शाफ्ट आणि ग्रिप. सात नंबरच्या आयर्नमध्ये हेड साधारण 270 ग्रॅम, स्टीलची शाफ्ट 120 आणि ग्रिप 50 ग्रॅम.

काट्यावरचं वजन आणि हाताला जाणवणारं वजन

कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून उचला, मग पात्याजवळ धरून उचला. कुऱ्हाड तीच, पण हाताला वेगळी लागते ना? क्लबचंही तसंच. या जाणवणाऱ्या वजनाला स्विंगवेट म्हणतात. ते मोजायच्या काट्याचा टेकू ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर असतो. माप सी 9, डी 0, डी 1, डी 2 असं चढत जातं.

ढोबळ हिशेब पाठच करा:

- हेडवर 2 ग्रॅम वाढले, की 1 पॉइंट वाढतो.
- ग्रिप 5 ग्रॅमने जड झाली, की 1 पॉइंट कमी होतो.
- लांबी अर्धा इंच कमी केली, की 3 पॉइंट कमी होतात.

हेड टेकूपासून लांब असतं, म्हणून तिथले 2 ग्रॅम ग्रिपच्या 5 ग्रॅमच्या बरोबरीचे ठरतात.

उदाहरण पाहा

क्लब डी 2 आहे. ग्राहक म्हणतो, "50 ऐवजी 60 ग्रॅमची जाड ग्रिप बसवा." ग्रिप 10 ग्रॅमने वाढली, म्हणजे 2 पॉइंट गेले, क्लब डी 0 वर आला. एकूण वजन वाढलं, तरी ग्राहक म्हणणार, "हेड हलकं लागतंय!" पुन्हा डी 2 हवं असेल तर हेडकडे 4 ग्रॅम घाला. त्यासाठी शाफ्टच्या टोकात बसणारी पितळी वजनं किंवा हेडवर चिकटवायची शिशाची पट्टी मिळते.

कामाचा क्रम

1. प्रत्येक भाग आधी वेगळा तोला आणि लिहून ठेवा. एकाच नंबरच्या दोन हेडमध्येही काही ग्रॅमचा फरक निघतो.
2. गोंद न लावता क्लब जोडून काट्यावर ठेवा. ग्रिपही सोबत धरा.
3. वजन दुरुस्त करा. इपॉक्सी त्यानंतरच.

ही घाई महागात पडते. पक्कं बसलेलं हेड काढायला उष्णता द्यावी लागते आणि त्यात कार्बनची शाफ्ट खराब होऊ शकते. त्या शाफ्टचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

धंद्याचं गणित

नियमानुसार खेळाडू एका फेरीत जास्तीत जास्त 14 क्लब वापरू शकतो. त्याला सगळे आयर्न हाताला सारखे लागायला हवेत. एक जरी वेगळा लागला, तरी अख्ख्या संचावरचा विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाचं कार्ड ठेवा: लांबी, तिन्ही भागांची वजनं, स्विंगवेट. वर्षभराने ग्रिप बदलायला आला, की तेच कार्ड काढायचं. एवढी नोंद ठेवणाऱ्याला सोडून ग्राहक सहसा दुसरीकडे जात नाही.

सुरुवात ग्रिप बदलण्यापासून करा. त्यात भांडवल कमी लागतं आणि हात बसतो. आणि गोल्फ करायचं नसेल, तरी कुऱ्हाड, कुदळ, हातोडा बनवणाऱ्यांनी दांड्याचं आणि लोखंडाचं वजन वेगवेगळं तोलून पाहा. "हाताला बरी लागते" म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत कळेल.