वारंवार वीज जाणाऱ्या गावात घरगुती डीप फ्रीझर

प्रश्न : अकोले, पारनेरसारख्या भागात घरासाठी आडवा डीप फ्रीझर घेणे योग्य ठरते का? मटार त्यात कसे साठवावेत?

उत्तर : थंड हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या फ्रीझरमधला गारवा झाकण उघडल्यावरही बराचसा तळाशीच राहतो; उभ्या फ्रीझरचे दार उघडताच तो बाहेर ओघळतो. गच्च भरलेला फ्रीझर वीज गेल्यावर झाकण न उघडल्यास सुमारे ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. पारा चाळिशीला टेकला की हा हिशेब कमीच धरावा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून काढता येते.

चार-पाच माणसांच्या घराला १०० ते २०० लिटर पुरतात. काचेच्या झाकणाचे फ्रीझर आइस्क्रीमच्या दुकानासाठी असतात. घरी जाड, भरीव झाकणाचाच घ्यावा. विजेचा दाब खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर हवा, अर्थिंग तर हवेच. पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत फ्रीझर ठेवू नये.

सोललेले मटार दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत. त्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. दाणे पुसून ताटात पसरून गोठवावेत, मगच पिशवीत भरावेत. नाहीतर त्यांचा एकच गोळा होतो. उणे १८ अंशांवर ते आठ-दहा महिने चांगले राहतात. पालेभाजीचा मात्र गोठवल्यावर कुरकुरीतपणा जातो, ती शिजवण्यापुरतीच.

अर्धा सेंटिमीटर बर्फ साचला की फ्रीझर बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडल्यास गॅसची नळी फुटू शकते.