कंपवाताचे संयुक्त अध्यापन : सर्पगंधा व कपिकच्छूच्या निमित्ताने

चरकाचार्यांनी ८० वातनानात्मज विकारांत वेपथूची गणना केली आहे. माधवनिदानातही वातव्याधींमध्ये त्याचे वर्णन येते. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात आपल्यापैकी अनेकांची दृष्टी हाताच्या कंपापाशीच थांबते. माझीही थांबत असे.

काही वर्षांपूर्वी उच्च रक्तदाब व अनिद्रा असलेल्या एका रुग्णेस मी सर्पगंधा घनवटी दिली. रक्तदाब आटोक्यात आला, झोप लागू लागली, म्हणून औषध चालूच राहिले. काही महिन्यांनी तिच्या हालचाली मंदावल्या, चेहरा भावशून्य झाला, चालताना पाऊल घासू लागले. कंपवात मानून मी अभ्यंग, मात्राबस्ति व बृंहण चिकित्सा आरंभिली. घनवटी मात्र थांबविली नाही. पुढे ती मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेली, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, “कोणकोणती औषधे चालू आहेत?” घनवटी बंद केल्यावर काही आठवड्यांत ती पूर्ववत चालू लागली.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढची कथा फारशी सांगत नाही. १९५२ मध्ये या वनस्पतीतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. ते मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते. १९५७ मध्ये स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा देऊन पुन्हा हालते केले. पार्किन्सन विकाराची आजची मुख्य चिकित्सा याच वाटेने आली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि हे लेव्होडोपा कपिकच्छूच्या बीजात असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. म्हणजे विकारसदृश लक्षणे उत्पन्न करणारे व त्यांचा उपशम करणारे, अशी दोन्ही द्रव्ये आपल्या औषधालयात एकाच फळीवर असतात.

औषधालयचालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या घेणारा रुग्ण परस्पर कपिकच्छू चूर्ण नेऊ लागला, तर लेव्होडोपाची एकूण मात्रा नकळत वाढते. मळमळ, उभे राहताच रक्तदाब उतरणे, अनैच्छिक हालचाली, क्वचित भ्रम, असे परिणाम संभवतात. बीजातील प्रमाण नमुन्यागणिक बदलते, त्यामुळे ‘चमचाभर’ या मापावर विसंबता येत नाही. उलट, लोहयुक्त कल्प गोळीबरोबरच घेतल्यास लेव्होडोपाचे शोषण घटते. दोहोंत वेळेचे अंतर असावे. ‘आयुर्वेद सुरू केला, आता गोळ्या बंद’ असे तर कदापि होऊ देऊ नये. लेव्होडोपा अकस्मात थांबविल्यास तीव्र ज्वर व स्तंभ उद्भवून प्राणावर बेतू शकते.

रुग्ण चूर्णाची गोष्ट मेंदूविकारतज्ज्ञास सांगत नाही, आणि गोळ्यांची चिठ्ठी आपल्याला दाखवीत नाही. दोन्हीकडच्या संघटनांनी एकत्र बसून शिकण्याची गरज येथे आहे. स्टॅन्ली फान व डेव्हिड मार्सडेन यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने १९८६ पासून आपल्या नियतकालिकासोबत चित्रफीत देण्यास प्रारंभ केला. कारण हालचालीचा विकार केवळ वाचून कळत नाही. मुंबईतही २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्यरत आहे.

आपल्या शाखांनी स्थानिक मेंदूविकारतज्ज्ञांसह एक दुपार ठेवावी. (सत्कार व भोजन यांना व्याख्यानाहून अधिक वेळ लागतो, ते या वेळी आवरते घ्यावे.) रुग्णांच्या संमतीने त्यांना चालताना, बोटे आपटताना, पेला उचलताना पाहावे. एका हातापासून सुरू होणारा विश्रामावस्थेतील कंप आणि दोन्ही हातांना काम करताना येणारा कंप यांतील भेद तेथे क्षणात उमगतो. हालचालीतील मंदता आणि तिच्या जोडीला विश्रामकंप किंवा ताठरता असल्याखेरीज पार्किन्सन विकाराचे निदान होत नाही, हेही तेथे पक्के होते. त्यांनी मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांसारखी मंदता व कंप उत्पन्न करू शकणारी औषधे आपल्याला सांगावीत. आपण त्यांना सर्पगंधा, कपिकच्छू व लोहकल्पांची यादी द्यावी, बाजारातील नावांसह. ती एका पानात मावते. माझ्या केसपेपरवर आता ‘इतरत्र चालू औषधे’ असा रकाना आहे आणि तो रिकामा असेल, तर मी नाडीला हात लावण्यापूर्वी रुग्णास पिशवी उघडावयास सांगतो.