दसऱ्यापासून मागे मोज

नवं घर बांधताना पुढचं अंगण मोकळं सोडलंत, हे फार बरं केलंत. परवा तू म्हणालीस, "आजी, दसऱ्याच्या आधी कल्याणहून फुललेल्या कुंड्या आणू, अंगण एका दिवसात भरून जाईल." भरेल की, बाळ. पण दिवाळीच्या सुमाराला त्याच कुंड्या पडवीमागे उपड्या पडलेल्या दिसतील. भर फुलात आणलेलं रोप आपला बहर अर्धा संपवूनच येतं. त्यात टोकावड्याचं आश्विनातलं ऊन, म्हणजे एक दिवस अंगाची काहिली आणि दुसऱ्या दिवशी घाटावरून उतरलेला गडगडाटी पाऊस. आपल्या मातीत मुळं धरलेलं झाडच हे सोसतं. आश्विनात रंग हवा असेल तर आषाढात हात मातीत घालावा लागतो. आता मृग लागेल, म्हणून आत्ताच सांगते.

आधी झेंडू, आपण ज्याला गोंडा म्हणतो तो. झेंडूचं सगळं गणित दसऱ्यापासून मागे मोजायचं. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला पंचवीस-तीस दिवस, लावल्यापासून फूल यायला साधारण साठ. म्हणजे नव्वद दिवस. शेंडा खुडणार असशील तर शंभर धर. आणि शेंडा खुडच. लावणीनंतर महिन्याभरात वरचं टोक नखाने उडवलं की झाड उंच न होता बाजूने फुटतं, फुलं दुप्पट धरतात. पहिल्यांदा जीव होत नाही, वाढतं झाड मोडतोय असं वाटतं. पण डोळे मिटून खुड.

तारीख मात्र गेल्या वर्षीची धरू नकोस. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला आला, २०२४ला १२ तारखेला आणि २०२५ला २ ऑक्टोबरलाच. तिथीचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी तोकडं, म्हणून सण मागे सरकत येतात. अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. माझ्या सासूबाईंना तारीख वाचता येत नव्हती. त्या नक्षत्रावर चालायच्या. दसरा लवकर असला की आर्द्रा सरता सरता बी टाकायच्या, अधिक महिन्याने लांबला असला की पुष्यात. तू कालनिर्णय उघड आणि बोटावर मोज, उत्तर तेच येईल. पहिल्या बियांनंतर वीस दिवसांनी आणखी मूठभर बी टाक. पहिला गोंडा तोरणाला जातो, दुसरा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो. कार्तिकातल्या बारशीला वृंदावनाभोवती फूल नसलं तर अंगण ओकंबोकं दिसतं.

बी थेट अंगणात टाकू नकोस. आपल्याकडचा आषाढातला पाऊस वाफा धुऊन नेतो. फुटक्या टोपलीत माती, शेणखत आणि चुलीची थोडी राख घाल आणि टोपली पडवीच्या कडेला ठेव. तिथे उजेड मिळतो आणि झड लागत नाही. रोपं श्रावणात बाहेर काढ, पावसाचा जोर तेव्हा ओसरतो. गादीवाफा वीतभर उंच हवा. झेंडूला पाणी लागतं, पण पाण्यात उभं राहणं चालत नाही. दोन दिवस बुडाशी पाणी साचलं की झाड उभ्या उभ्या मान टाकतं.

मग येतो हस्त, सप्टेंबर सरता सरता. आता हवामान खातं मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतं, म्हणजे आपला दसरा बहुतेकदा परतीच्या पावसातच सापडतो. कळ्यांनी जड झालेला गोंडा एका सरीत आडवा होतो. बुडाला मातीची भर लाव आणि प्रत्येक झाडाला कारवीची काठी दे. पूर्वी आपली घरंच कारवीच्या कुडाची असत. ती काठी पावसात लवकर कुजत नाही. सुतळी मात्र आठाच्या आकड्यासारखी सैल बांध. घट्ट बांधलीस तर वाऱ्यात देठ तिथेच कापला जातो.

जागा निवडताना लोक हटकून एक चूक करतात, मीही पहिल्या वर्षी केली. घराच्या उत्तरेला वाफा केला. आषाढ-श्रावणात ढग फाटले की तिथे लख्ख ऊन पडायचं, म्हटलं जागा झकास आहे. पण दिवाळीपर्यंत सूर्य दक्षिणेला कलतो आणि घराची सावली लांबते. दहा फुटांवर पाखी असेल, तर दिवाळीत भर दुपारी बारालाही तिची सावली साडेसहा-सात फूट पडते. माझा सगळा झेंडू त्या सावलीत सापडला, हिरवागार वाढला आणि फुलला तो नावापुरता. तुमचं दार उत्तरेला आहे. म्हणून जोत्यालगत झेंडू लावू नकोस, अंगणाच्या पार कडेला, गडग्याशी लाव. जोत्याजवळच्या सावलीत अबोली लाव, तिला ऊन कमी चालतं आणि तिचा तो केशरी रंग सावलीत उलट उठून दिसतो.

पागोळ्या पडतात त्या रेषेत मात्र काहीच लावू नकोस. चार महिने पाणी एकाच जागी टपटपत राहतं, मुळं उघडी पडतात. दीड हात सोडून वाफा धर. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं तिथे कर्दळ, लाल आणि पिवळी. ओल तिला मानवते, आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात तेव्हाही त्या पाण्यावर ती जगते.

तेरड्यासाठी तुला काही करावं लागणार नाही. एकदा आला की आपला आपण येतो, शेंगेला बोट लागलं की बी उडवतो. गुलाबी, लाल, पांढरा, जांभळा, श्रावण-भाद्रपदात अंगण त्याचं. गौरी त्याच्याच आणतो आपण, मुळासकट. पण तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते उगाच नाही. घटस्थापनेपर्यंत तो पिवळा पडून लोळायला लागतो. तेव्हा माया न करता उपट. मी तेरड्याच्या दोन ओळींमध्ये झेंडूची रोपं लावते. वरचा तेरडा निघाला की खालचा गोंडा मोकळा होतो, आणि अंगण एक दिवस रिकामं दिसत नाही.

शेवंतीचं थोडं नीट ऐक. शेवंती बियांनी लावत नाहीत, काश्यांनी लावतात. बहर सरला की बुडाला फुटवे येतात, ते मुळांसकट सोडवून उन्हाळाभर सावलीत जगवायचे आणि पावसाच्या तोंडाशी उंच वाफ्यावर लावायचे. तिचा मोठा गुण असा की ती रात्र मोजते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र सारखे होतात, पुढे रात्र वाढत जाते. रात्र पुरेशी लांबली की ती कळी धरते. जुन्या घरी एका वर्षी तुझे सासरे दहावीला होते. ओटीवर रात्री उशिरापर्यंत बल्ब जळायचा. ओटीसमोरच्या चार झाडांना कार्तिक आला तरी नुसती पानं. कुडाच्या आड, अंधारात असलेली दोन झाडं मात्र पिवळ्या फुलांनी वाकलेली. खत एकच, माती एकच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, तिला झोपू द्या. पुढच्या वर्षी आम्ही शेवंती घराच्या मागच्या कोपऱ्यावर हलवली. आता तर गेटवर पांढरा झगझगीत दिवा लावणार म्हणताय. लावा, पण शेवंती त्याच्या उजेडात येऊ देऊ नकोस. नाताळच्या सुमाराला वरची पानं लाल होणारी लालपत्ती असते ना, तिचंही असंच आहे.

अंगण शोभेचं असलं तरी कामाचंही आहे, हे विसरू नकोस. पाऊस उघडला की ते चोपायचं, शेणाने सारवायचं. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे घरी येतं, भारे टेकवायला मधली जागा लागते. म्हणून रंग सगळा कडेने. गडग्याला पिवळी कोरांटी घाल. पावसात फांदी खोचली की धरते, काटे असल्यामुळे शेळी तोंड घालत नाही, आणि फुलते नेमकी थंडीच्या तोंडाशी. सदाफुली कडू, तिलाही जनावर खात नाही. दारापाशी एक गुलबक्षी राहू दे. चार वाजता उमलते, तुम्ही कामावरून येता तेव्हा ती ताजी असते. तिच्या मिऱ्यांसारख्या बिया मात्र लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, विषारी असतात. कण्हेर आणि बिट्टी त्याहून वाईट, म्हणून लेकरू मोठं होईपर्यंत ती दोन्ही दारात नकोत.

बांधाकडेला कुर्डू उगवेल, त्याला तण म्हणून उपटू नकोस. पावसाळ्यात कोवळी भाजी होते, आणि दसऱ्याला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, गोंडा यांत त्याचा गुलाबी-पांढरा तुरा खोवला की तोरण सजतं. कोंबडा हौसेने लाव, पण परतीच्या पावसात त्याच्या तुऱ्याच्या घड्यांत पाणी साचून तो कुजतो. सर गेली की देठ हलवून पाणी झटक.

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना सोनकीने पिवळा झालेला डोंगर बघून तुला मोह होईल. तिथलं रोप उपटून आणू नकोस. ती तिथल्या कातळाची आणि धुक्याची आहे, अंगणात जगत नाही, आणि डोंगर मात्र उणा होतो. घाणेरी नको, कितीही रंगीत दिसली तरी. पिवळा-केशरी कॉसमॉसही नको. त्याचं बी वाऱ्याने माळावर जातं आणि मग आपलं गवत आणि रानफुलं हटतात. पुण्याच्या टेकड्यांवर तो असाच पसरलाय.

एक राहिलंच. दुकानातल्या संकरित झेंडूचं बी धरलंस तर पुढच्या वर्षी लहानमोठं, मिसळ येतं. आपला गावठी गोंडा तसा दगा देत नाही. दसऱ्याच्या तोरणासाठी सगळी फुलं तोडू नकोस, सगळ्यात भरदार झाडावरची तीन-चार फुलं झाडावरच वाळू दे. मग काळ्या काड्या सोडव आणि राखेत घोळव. माझ्याकडचं यंदाचं बी लुगड्याच्या पुरचुंडीत बांधून माळ्यावर, पितळी डब्यामागे ठेवलंय. शिडी धरायला कोणाला तरी बोलाव आणि काढून घे.