मेघालयांतील चुनखडीच्या गुहा

गुहा म्हटली कीं आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांसमोर वेरूळ, अजिंठा व कार्लें हीं स्थळें उभीं राहतात. परंतु तीं लेणीं मनुष्यानें छिन्नीनें कोरलेलीं आहेत. केवळ पाण्यानें घडविलेल्या गुहांचा विचार करावयाचा, तर आपणांस मेघालयांतील खासी, जयंतिया व गारो टेंकड्यांकडे वळलें पाहिजे. खासी भाषेंत गुहेस ‘क्रेम’ म्हणतात.

या गुहा कशा झाल्या? आपल्या उच्छ्वासांत जो कर्बाम्लवायु असतो, तोच हवेंतून व मातींतून पावसाच्या पाण्यांत मिसळतो. असें किंचित् आम्ल झालेलें पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून दगड विरघळवितें. चेरापुंजीसारख्या ठिकाणीं वर्षास ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां हजारों वर्षांत भेगांचे बोगदे व बोगद्यांचीं दालनें झालीं, यांत नवल नाहीं. छतांतून ठिबकणाऱ्या थेंबांतील वायु गुहेच्या हवेंत निघून गेला म्हणजे चुना मागें राहतो. त्यापासून वरून लोंबणारे सुळके व खालून चढणारे खांब तयार होतात; पण त्यांची वाढ वर्षास मिलिमीटराच्या एका अंशाएवढीच असते.

गारो टेंकड्यांतील सिजू गुहेंतील प्राण्यांचा अभ्यास केंप व चोप्रा या शास्त्रज्ञांनीं १९२२ सालीं केला. पुढें १९९२ पासून तेथील व युरोपांतील गुहाशोधक हिवाळ्यांत, पाणी ओसरल्यावर, दोर, फीत व होकायंत्र घेऊन आंत उतरूं लागले. गुडघ्यांवर रांगत, थंड पाण्यांतून जात, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत मापें घेऊन त्यांनीं शेंकडों किलोमीटरांचे नकाशे काढले. एकट्या क्रेम लिआत प्राह या गुहेची लांबी ३० किलोमीटरांहून अधिक भरली. क्रेम उम लडॉ येथें २०१९ सालीं ४० सेंटिमीटरांहून लांब, फिकट रंगाचा मासा आढळला. २०२३ मध्यें त्यास तेथील प्नार लोकांचें नांव देण्यांत आलें.

मॉम्लूह गुहेंतील एका चुनखांबाच्या थरांत तर सुमारें ४,२०० वर्षांपूर्वींच्या मोठ्या अवर्षणाची नोंद सांपडली. त्यावरून २०१८ सालीं भूशास्त्रज्ञांनीं पृथ्वीच्या चालूं कालखंडास ‘मेघालयीन’ हें नांव दिलें. एवढा जुना लेख जेथें जपला आहे, तोच दगड सिमेंटसाठीं फोडला जातो! कोळशाच्या खाणींतील आम्ल पाण्यानें नद्याहि नासतात. राष्ट्रीय हरित लवादानें २०१४ सालीं उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींवर बंदी घातली. तथापि खाणींवर कित्येकांचा चरितार्थ चालतो हें आम्हीं विसरतां कामा नये. त्यांस दुसरें काम न देतां केवळ मनाई केली, तर गुहाहि राखल्या जाणार नाहींत व माणसेंहि सुखी होणार नाहींत.

आपल्यापैकीं कोणास मॉस्माईची गुहा पाहण्याचा योग आला, तर त्यानें चुनखांबास हात लावूं नये, वटवाघळांस त्रास देऊं नये व कचरा टाकूं नये. किल्ल्यांच्या भिंतींवर नांवें कोरण्याची आपली खोड तर घरींच ठेवून जावें. आपण एका क्षणांत मोडलेला सुळका आपले नातू म्हातारे झाले तरी बोटभरहि वाढलेला नसेल. ईश्वरानें थेंबाथेंबानें बांधलेलें हें मंदिर पुढील पिढ्यांच्या हातीं अभंग द्यावें, हेंच आमचें कर्तव्य होय.